विलासने बीबींना नाव विचारलं, त्याची गोष्ट

विलासचं मला कधी कौतुक वाटलं नाही. हेवा वाटला.

काल दुपारी तो गेला. इथे ओमानमध्ये, अझैब्यात, एका ऑफिसच्या गच्चीवर एसीचं काम करताना. हार्ट अटॅक. एकोणपन्नासचा होता.

ग्रुपवर सगळे "किती हसतमुख माणूस" असं लिहितायत. ते खरंच आहे. पण मला दुसरंच सांगायचंय.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची पुण्याची. तीन वर्षांपूर्वी सीबला एका ओमानी घरी आठवड्यातून तीनदा जायचे. पेशंट म्हणजे त्या घरच्या आजी, बीबी. वय ऐंशीच्या पुढे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं.

बीबींचा जन्म झांझिबारचा. लग्नानंतर ओमानला आल्या, आयुष्यभर अरबी बोलल्या. म्हातारपणी विसरायला लागल्या तेव्हा आधी अरबी गेली. उरली ती लहानपणची स्वाहिली.

त्यांची मुलगी सल्मा स्वाहिली बोलायची, पण मी जायचे तेव्हा ती शाळेत शिकवत असायची.

मी खोलीत शिरले की बीबी मान कलती करून म्हणायच्या, "नानी म्वेंझांगू?"

मला वाटायचं, लाडाने मला नानी म्हणतायत.
मी म्हणायचे, "यस यस, नानी. चला, उठा."

दोन महिने हेच.

एकदा फॉर्म भरायचा होता. पेशंटला स्वतःचं नाव सांगता येतं का? मी मोबाइलवर शोधून विचारलं, "वेवे नी नानी?"

बीबींनी माझ्या हातातला हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी खोलीतला एसी साफ करायला विलास आला होता. मालवणकडचा. ओमानला यायच्या आधी सात वर्षं दार-एस-सलामला होता. तो शिडीवरून उतरला, हात धुऊन आला.

"मॅडम, असां नाय इचारूचां. ह्यां म्हणजे 'तू कोण गो?' असां झालां. तेंच्याच घरात, तेंकाच."

तो पलंगाशी जमिनीवर बसला. बीबींपेक्षा खाली.

"शिकामो, बीबी."

हा मोठ्यांना करायचा नमस्कार. बीबी वळल्या. "मराहाबा."

"नानी म्वेंझांगू?"

विलासने विचारलं आणि बीबींनी सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. मग गावाचं.

नंतर माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "नानी म्वेंझांगू?"

विलास म्हणाला, "आता तुमका इचारतत. माझो सोबती कोण, असां. तुमी कोण ह्यां आदबीन इचारूची रीत आसा ती."

दोन महिने ती बाई मला रोज अदबीने विचारत होती. आणि मी तिला उठा म्हणत होते.

मला लाज वाटली. पण मिनिटभरच. कारण त्याचा हात धरून बीबी दारापर्यंत चालल्या. माझ्याबरोबर चार पावलांवर थांबायच्या.

मग तो दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बसने सीबला जायला लागला. बीबी त्याला "म्वानांगू" म्हणायच्या. माझं लेकरू.

शनिवारी सल्माचा मला फोन. "डॉक्टर, काल ती गेटपर्यंत गेली."

माझी मास्टर्स डिग्री, चौदा वर्षांचा अनुभव. आणि गेटपर्यंत नेलं कोणी, तर एसीवाल्याने.

तो एकदा म्हणालाही, "मॅडम, शिकवतंय तुमका. सोप्पां आसा."
मी म्हटलं, "वेळ नाही हो."

आणि मग मी सल्माला सांगितलं, बाहेरचा माणूस आला की पेशंट एक्साइट होते, बीपी वाढतं.

बीपी वाढत नव्हतं. मी दर वेळी मोजत होते.

सल्माने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याला नम्रपणे "येऊ नका" सांगितलं.

पुढचे तीन शुक्रवार बीबी म्हणे गेटकडे बघत बसल्या. चौथ्या आठवड्यात पलंगावरून उतरेनात. पाठीवर लाल चट्टा दिसला. बेडसोरची सुरुवात. तो पुढे कुठे जातो हे मला पक्कं माहीत होतं.

मी अझैब्याला त्याच्या रूमवर गेले. चौघांची खोली. हा बांगडे तळत होता.

"बीबींचं बीपी आता ठीक आहे. आलात तर बरं होईल."

त्याने तव्यातला बांगडा उलटला.

"शुक्रवारी येव, की आता?"

"आत्ता."

त्याने गॅस बंद केला, शर्ट बदलला आणि माझ्या गाडीत बसला. सीबपर्यंत एक प्रश्न विचारला नाही. उलट माझ्याकडून स्वाहिलीची चार वाक्यं पाठ करून घेतली.

त्या ईदला बीबी वॉकर घेऊन अंगणात आल्या. एका बाजूला तो, एका बाजूला मी. मी नाव सांगितलं की दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खूश व्हायच्या. तरी हसू त्याच्यासाठी जास्त असायचं. हे मी तेव्हाही मोजत होते.

गेल्या वर्षी बीबी गेल्या.

आज मी विलासच्या बायकोला फोन केला. नाव सांगितलं.

"बीबीच्या मॅडम काय?" ती रडतच म्हणाली. "ते सांगीत तुमच्याबद्दल. मॅडमनी माका येवक बंद केल्यानी, पण परत बोलवक आपण इली. असां कोण येता, म्हणीत."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. माझ्या गाडीत बसला तेव्हाही.

मी त्याच्या जागी असते तर गेले नसते. निदान टोमणा तरी मारला असता. त्याने घरी फोन करून माझं चांगलं सांगितलं.

याचा हेवा बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटतो.

उद्या सकाळच्या फ्लाइटने त्याला गोव्याला नेतायत, तिथून गावी. ज्यांना जमेल त्यांनी एअरपोर्टवर या.

विलास, चूक माझी होती. हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं.

मनापासून श्रद्धांजली.