तवा समोरासमोर बोलंन

हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंग सुरू होती. आईचा फोन दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाहेर जाऊन घेतला. "पारूकाकू गेली गं... गोठ्यात बसली ती उठलीच न्हाई." मी आत येऊन पुन्हा खुर्चीत बसले. शेजारच्या काकू गेल्या, असं सांगून तिथे कुणाला काय कळणार होतं?

घोटावड्यात आमचं आणि त्यांचं अंगण एकच. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घुमी, गावात फारशी न मिसळलेली. काकूंचा मुलगा परदेशात, आणि त्याच्या लहान मुलीला, इराला, मराठी येत नाही. तिच्याशी तिच्या भाषेत, इंग्रजीत बोलायचं, एवढं शिकण्यासाठी काकू मला रविवारी दुपारी ओट्यावर धरून बसवायच्या.

"ह्यो 'द' कुटंबी शिरतोय गं. काय काम न्हाई का त्याला?"

इंग्रजीत 'अ' कुठे आणि 'द' कुठे, हा पुस्तकातला नियम मी सांगितला. तो त्यांच्या डोक्यावरून गेला. मग म्हटलं, अनोळखी माणूस आला की आपण त्याला ओट्यावरच पाणी देतो, तो 'अ'. ओळख झाली की तोच पुढच्या वेळी सरळ चुलीपाशी येतो, तो 'द'.

"आन् सूर्याला बी 'द' कसा? त्यो कधी आलता पानी प्यायला?"

"तो आधीपासून घरचाच, काकू."

"मंग इराच्या आदी काय लावू?"

"नावाआधी काही लावायचं नाही."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "नातीला वळख कशाला पायजे."

माणसांसमोर त्यांना लाज वाटायची, म्हणून सराव चालायचा कोंबड्यांपुढे. दाणे टाकतानाही 'कम, कम'. पण व्हिडिओ कॉलवर इरा दिसली की काकू नुसत्या हसायच्या आणि फोन माझ्या हातात द्यायच्या. मी किती वेळा म्हटलं, चुकलं तरी चालतं, बोला. "न्हाई बाई. चुकलं तर पोरीला वाटंल, आपली आज्जी अडाणी. दिवाळीला येतीया ना, तवा समोरासमोर बोलंन."

दिवाळी यायची होती...

दहाव्याला मुलगा बायको-मुलीला घेऊन आला. गाडीतून उतरताच इरा आईचा हात ओढत म्हणाली, "ममा, कम!" आणि गोठ्यातल्या सगळ्या कोंबड्या पंख फडफडवत तिच्या पायांशी धावत आल्या. पोर किंचाळली. तिला उचलून घेत मी तिच्या भाषेत सांगितलं, घाबरू नकोस, आजी त्यांना असंच बोलवायची.

"आजीला इंग्लिश येत होतं?" तिने विचारलं.

मी 'हो' म्हटलं.

"मग ती माझ्याशी का नाही बोलली?"

मी तिला खाली उतरवलं आणि तिच्या मुठीत कोंबड्यांचे दाणे दिले.

ते परत गेले. काकूंच्या दाराला कुलूप आहे. कोंबड्या आता आमच्याकडे असतात. संध्याकाळी आई घसा सुकेपर्यंत त्यांना 'ती ती ती' करते, एक हलत नाही. मग ती आतल्या खोलीकडे बघून ओरडते, "तूच बोलीव बाई त्यांना." मी बाहेर येते. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघते... आणि हळूच म्हणते, कम.