कॉमेंट्रीवाला कल्पेश काउन्सेलर शोधतो

विचुंब्याच्या कल्पेशचा चेहरा फार जण ओळखत नसतील, पण आवाज अख्खा तालुका ओळखतो. थंडी पडली की पनवेल-उरणच्या गावागावांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा सुरू होतात आणि माईक याच्या हातात जातो. बॅट्समनने बॉल नुसता तटवला तरी हा असा ओरडतो, की शेजारच्या मांडवातली नवरी दचकावी.

अशा माणसाची यंदा माईकवरच बोलती बंद झाली. बेलपाड्याच्या सेमीफायनलला, चालू ओव्हरमध्ये, छाती धडधडायला लागली, हाताला घाम सुटला, श्वास अडकला. लोकांना वाटलं, लाईट गेली. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. एखाद्या काउन्सेलरला भेटा."

पंधरवड्यावर विचुंब्याच्या टुर्नामेंटची फायनल. आपल्याच गावात माईक दुसऱ्याच्या हातात दिसला असता, तर कल्पेशने गाव सोडलं असतं. काउन्सेलरकडे जातोय हे गावाला कळलं असतं, तरीही सोडलंच असतं. म्हणजे जायचं, पण गुपचूप.

त्याने पनवेलमधल्या एका काउन्सेलरकडे फोन लावला. "नमस्कार, जरा अपॉइंटमेंट..." एवढंच बोलला असेल.

"अय्या! कॉमेंट्रीवाले कल्पेशदादा ना तुम्ही?" रिसेप्शनवरची भाविका किंचाळली. "माझा भाऊ तुमचा केवढा फॅन आहे! कोणाला घेऊन येताय?"

"राँग नंबर," म्हणून दादांनी फोन ठेवला.

दुसऱ्या ठिकाणी बारीक आवाज काढला. पलीकडून "बोला ताई" आल्यावर तोही फोन ठेवला.

निशा, त्याची बायको, पोट धरधरून हसली. "मैदानात वाघ, नि फोनवर ताई! आन इकडं तो मोबाईल."

तिने तासाभरात नवीन पनवेलातल्या आभा मॅडम शोधून काढल्या. वर्षभरापूर्वीच अकोल्याहून आलेल्या. निशाचा पहिला प्रश्न, "मॅडम, तुमी क्रिकेट बघता?"

"अजिबात नाही. का हो?"

"मग उद्याचीच येळ द्या!"

बेलपाड्याला माईकवर काय झालं नि फायनल कधी, हे निशाने फोनवरच सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कल्पेश तोंडाला रुमाल गुंडाळून मॅडमसमोर हजर. रुमाल सोडायला लागला तेवढा वेळ बरा गेला. मग मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्याबद्दल सांगा."

झालं. दादांनी रुमालाची घडी घातली. पाणी प्यायले, पंखा बघितला, परत पाणी प्यायले.

"मॅडम, दुसऱ्याबद्दल कितीबी बोलीन. सोताबद्दल नाय जमत."

"मग दुसऱ्याबद्दलच बोला. तुम्ही वर माईकवर, आणि खाली कोणीतरी कल्पेश खेळतोय."

कल्पेश सावरून बसला. पाण्याची बाटली माईकसारखी तोंडाशी धरली आणि सुटला.

"तर मित्रांनो, क्रीजवर हाय विचुंब्याचा कल्पेश! बाप गेल्यापासून घरातला मोठा हाच. बहिणीच्या लग्नाचं बघनार हाच, आईला हसवनार हाच! समोरून बॉलिंग टाईट, पन चेहऱ्यावर हासू बघा! आनी हे काय... घाबरलाय मित्रांनो, कल्पेश घाबरलाय! बापासाठी रडायलाबी टाईम नाय भेटला त्याला! सांगनार कोनाला? नॉनस्ट्रायकर एंडला कोनीच नाय!"

आवाज फाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण श्वास अडकला नाही, हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि तो रडता रडता चक्क हसला.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "नॉनस्ट्रायकर म्हणजे कोण?"

"म्हंजे समोरच्या टोकाला उभा असतो तो. दोघं धावल्याबिगर रन होत नाय, मॅडम."

"घरी आहे असं कोणी?"

कल्पेशने खिडकीतून खाली पाहिलं. "हाय की! खाली गाडीपाशी उभी हाय!"

"फायनलच्या आधी अजून दोनदा भेटू. वेळ निशाताईंना कळवू ना?"

"मलाच फोन करा. मीच बोलीन," म्हणत तो उठला आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत सुटला. निशाने "काय जालं?" विचारायच्या आत सांगायला सुरुवात, आणि बाईक विचुंब्याला पोचेपर्यंत, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, ते सांगणं चालूच होतं.