कॅसेटच्या शेवटची मोकळी जागा

हे मी मायला सांगितलेलं नाही, बायकोला सांगितलेलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या मल्लूला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसलात, ऐकताय असं वाटतंय – एवढंच.

सुरुवात गाण्यांपासून करतो. ते सोपं जातं.

मला हेवी मेटल आवडतं. अर्धापूरला केळीचे घड वाहणाऱ्या माणसाच्या पोरानं असं म्हटलं की लोकांना अजून हसू येतं. अकरावीला लातूरला आलो तेव्हा गिटार म्हणजे सिनेमात हिरोच्या गळ्यात असते ती, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्याच्याकडे मोकळी जागा, त्यानं खोल्या काढलेल्या. खोलीत लोखंडी कॉट, भिंतीवर सूत्रं लिहिलेले कागद, दाराशी मेसचा डबा. सगळ्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं? बहुतेक, कुणीतरी. गावाकडं माझ्याकडं कुणी वळून बघत नव्हतं – इथं तरी बघावं, असं वाटायचं.

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. त्याचीच लाज वाटते.

शेजारच्या खोलीत मल्लिकार्जुन राहायचा. मल्लू. निलंग्याकडचा, लिंगायत घरातला, वडिलांचं किराणा दुकान. भूकंपानं ते दुकान पाडलं आणि मल्लूचा थोरला भाऊ नेला. शिवलिंग त्याचं नाव, मल्लू त्याला अण्णा म्हणायचा. तो पुण्यात कारखान्यात कामाला होता, गणपतीला म्हणून गावी आलेला. गणपती बुडवून येऊन झोपला, तो तसाच. मल्लू तेव्हा उदगीरला मामाकडं होता. त्यांची आई – त्यांच्यात अव्वा म्हणतात – अंगणात झोपली होती म्हणून वाचली. दगड उपसताना शिवलिंगची पत्र्याची पेटी निघाली. पेटी चेपलेली, आतल्या कॅसेटी शाबूत.

अव्वाच्या डोळ्यांपुढं नको म्हणून मल्लूनं ती पेटी लातूरला आणली. त्यालाही त्या ऐकवत नव्हत्या. माझ्याकडे माझ्या मामानं दिलेला जुना टेप होता. एक दिवस त्यानं पेटी माझ्या कॉटखाली सरकवली.

"तू लाव," म्हणाला. "नुसत्या पडून राहिल्या तर खराब होतील. पण मी क्लासला गेल्यावर लाव. माझ्यापुढं नको."

मल्लूची बॅच दुपारची, माझी सकाळची. मग दुपारी दार लोटून मी ऐकायचो. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटला. चार दिवसांनी त्या गोंगाटात माणसं वेगवेगळी ऐकू यायला लागली – हा ढोल बडवणारा, हा ओरडणारा, हा मागून हळूच काहीतरी विणणारा. इंग्रजी शब्द कळत नव्हते. पण सबंध लातुरात मला 'किती टक्के पडले' असं न विचारणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आणि मग एका दुपारी एका कॅसेटची दुसरी बाजू संपली. म्हणजे गाणी संपली. शेवटाला थोडी फीत उरते ना, तशी उरली होती. मी उठून बंद करणार, तेवढ्यात खट् झालं आणि एक माणूस बोलायला लागला.

"हां, तर... हे झालं आल्बम. आता माझं मत."

मी घाबरून टेप बंद केला. कुणाचा आवाज आहे हे कळायला वेळ लागला नाही. मल्लूसारखाच होता, जरा जाड.

नंतर मी सगळ्या कॅसेटी तपासल्या. शिवलिंगनं प्रत्येकीच्या शेवटच्या मोकळ्या जागेत आपलं मत भरून ठेवलं होतं, रेडिओवरचा निवेदक बोलतो तसं. पण बोली आपली. "बाकीचे पळून राहिले, हा ढोलवाला मागं थांबून राहिला. ह्याला घाई न्हाई. म्हणून त्याचा एक ठोका लागतो." काळ्या मुखपृष्ठाच्या एका आल्बमबद्दल म्हणाला होता, "पहिलं गाणं दारावर लाथ मारून आत येतंय. शेवटचं दाराबाहेर बसून हाय. मला शेवटचं आवडलं." पुण्याच्या फुटपाथवरून तो या गायकांची, वादकांची आत्मचरित्रंही आणायचा, शब्दकोश जवळ घेऊन वाचायचा. त्यावरही मत. "ही लोकं पुस्तकात सगळं कबूल करतात. दारू, मारामाऱ्या, बाया. मोठी दिसायला लागतात कबूल करून. पण ज्याची चाल उचलली त्याचं नाव कुठं सापडत न्हाई. मी दोनदा वाचलं. न्हाई सापडलं."

मल्लूला त्याच दिवशी सांगायला नको होतं का? हवं होतं. मी स्वतःला म्हटलं – त्याला त्रास होईल. जरा सावरू दे. हे अगदीच खोटं नव्हतं. पहिले काही दिवस तरी नव्हतं.

मग काय झालं – मेसमध्ये पोरं बसली होती, कुणीतरी टिंगल केली. "तुझ्या त्या किंचाळण्यात काय हाय रे? डुक्कर कापून राहिल्यासारखं वाटतंय." आणि माझ्या तोंडून आलं, "बाकीचे पळून राहिले, तो ढोलवाला मागं थांबून राहिला." पोरं माझ्याकडं बघायला लागली.

बघायला लागली, हे महत्त्वाचं.

त्यानंतर मी थांबलो नाही. कॉलेजच्या भित्तिपत्रकात लेख लिहिला, आत्मचरित्रांवरचा. शिवलिंगचीच वाक्यं, पुस्तकी मराठीत. खाली माझं नाव. मराठीच्या सरांनी वर्गात उभं करून विचारलं, "हे तुला सुचलं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. ज्याची चाल उचलली त्याचं नाव सापडत नाही, हे वाक्य मी उचललं होतं आणि त्याखाली माझं नाव होतं – तेव्हा मला हे दिसलं नसेल? दिसलं होतं. मी दुसरीकडं बघितलं.

मल्लूनं तो लेख उभ्यानं वाचला. परत खोलीकडं येताना म्हणाला, "अण्णा असता ना, तुझं त्याचं लई जमलं असतं."

मग पुढच्या उन्हाळ्याआधी एकदा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. गावाकडून आला होता.

"अव्वा म्हणती, अण्णा टेपापुढं बसून एकटाच बोलायचा. खरं हाय का रे? तू ऐकल्यास सगळ्या. कुठं त्याचा आवाज हाय का?"

एक क्षण होता. तो अजून मला जसाच्या तसा आठवतो. दारात त्याची सावली, खांद्यावर गावाकडची पिशवी, पिशवीतून येणारा शेंगाचटणीचा वास.

"न्हाई," मी म्हणालो. "नुसती गाणी हायत."

"बरं. तरी ती येणार म्हणती. आयतवारी. सगळ्या ऐकायच्यात तिला."

खोटं बोललो, इथवर कदाचित तुम्ही मला समजून घ्याल. पुढचं समजून घेऊ नका.

ज्यांनी कॅसेट हाताळली आहे त्यांना माहीत असेल. भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे छोटे तुकडे मोडून टाकतात. शिवलिंगनं सगळ्यांचे मोडले होते. त्यावर पुन्हा भरायचं तर त्या खाचेत कागदाची गोळी दाबावी लागते, वर चिकटपट्टी लावावी लागते. चुकून असं होत नाही. तेव्हा आम्ही क्लासमधली लेक्चरं टेप करून एकमेकांना द्यायचो. घरमालकाच्या पोराकडे दोन कॅसेटींचा टेप होता, तो मी मागून आणला. मल्लू क्लासला गेला होता. मी गोळ्या केल्या, दाबल्या, पट्ट्या लावल्या. गाणी सोडून, बरोबर त्याचा आवाज सुरू होतो तिथून, केमिस्ट्रीच्या सरांचा आवाज भरला. एकेका कॅसेटवर. प्रत्येक वेळी ते "हां, तर..." कानावर आलं की मी थांबवायचो, जरा मागं घ्यायचो, आणि बटण दाबायचो.

रविवारी अव्वा एसटीनं आली. ती स्लॅबखाली बसायला तयार नव्हती – भूकंपानंतर कुणाच्याच घरात बसत नव्हती. अंगणात पोतं टाकलं, टेप खिडकीत ठेवला. ती भिंतीपासून लांब, पदर डोक्यावर घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव रे बाळा."

आणि तिनं ऐकलं. कपाळावर विभूती, मांडीवर हात, आणि खिडकीतून तो आवाज. खोल्यांतली पोरं बाहेर येऊन हसायला लागली, मल्लूनं नुसतं बघितलं तशी आत गेली. एका गाण्यात गायक बराच वेळ किंचाळत राहिला. अव्वा म्हणाली, "लई वरडून राहिलाय बिचारा. ह्याचं कोण गेलंय?"



गाणी संपली की ती पुढं सरकायची, मान वाकडी करायची. आणि सरांचा आवाज यायचा.

"ह्यो कोण?"

"क्लासचे सर हायत, अव्वा." मल्लूनं माझ्याकडं बघितलं.

"मोकळी जागा होती," मी म्हणालो. "म्हणून लेक्चर भरलं. आधी तिथं काय नव्हतं."

मल्लूनं कॅसेट काढून हातात घेतली. पट्टीवरून अंगठा फिरवला. मग परत टेपात घातली आणि मला म्हणाला, "तुला काय म्हाईत. तू कशाला तोंड पाडतोस?"

अव्वा म्हणाली, "असू दे. अभ्यासाचं हाय."

शेवटची कॅसेट संपल्यावर ती माझ्याकडं वळली. "तुला ह्यातलं कळतंय म्हणं. मल्लू सांगत होता. काय हाय ह्याच्यात? माझ्या पोराला काय गोड लागायचं ह्याचं?"

मी काय करायला हवं होतं, तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

मी सांगायला लागलो. ढोलवाल्याचं सांगितलं, दाराबाहेर बसलेल्या गाण्याचं सांगितलं. सगळं त्याचंच, त्याच्याच शब्दांत – कारण माझे शब्द माझ्याकडे नव्हतेच. अव्वानं डोळे मिटले. मी थांबलो तर म्हणाली, "आणिक बोल की." मी आणिक बोललो. तिच्या गाडीची वेळ होईपर्यंत बोलत राहिलो. उठताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं बोलतोस बाळा."

ते मी घेतलं. माझं म्हणून घेतलं.

फक्त एक वाक्य मी गिळलं. ते मी लेखातही घातलं नव्हतं, कारण आमच्या घरात आईला माय म्हणतात, आणि त्या वाक्यात अव्वा होती. ते बोललो असतो तर तिनं तिथल्या तिथं ओळखलं असतं. सगळ्या कॅसेटींमध्ये तिच्यासाठी तेवढंच होतं, आणि ती माझ्यापुढं हातभर अंतरावर बसली होती.

मल्लूनं पुढं उदगीरला दुकान टाकलं. दिवाळीला त्याचा फोन येतो. अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली.

ते वाक्य मला अजून त्याच्या आवाजात पाठ आहे. शिवलिंग म्हणाला होता –

"हां, तर... ह्यात एक जाड तारांची गिटार हाय. ती नीट ऐकू येत न्हाई. पण तिच्यावरच बाकी समदे उभे हायत. आमची अव्वा हाय ती."