लग्नघराची भिंत

आमच्या पांढुर्ण्यात लग्न ठरलं की घराच्या समोरच्या भिंतीला चुना लागतो. मग पेंटर येतो आणि गणपती, केळीचे खांब, दोन हत्ती अन् नवरा-नवरीची नावं काढून जातो. माझ्या मुलीच्या लग्नात ती भिंत मी रंगवली. हत्ती काढले नाहीत, नावंही नाहीत.

हे खूळ मला लागलं ते नवरा गेल्यावर. घरातलं माणूस गेलं की वर्षभर रंगरंगोटी करत नाहीत. पण फाटकासाठी त्यांनीच आणलेले निळ्या-काळ्या रंगाचे डबे संत्र्याचे क्रेट ठेवायच्या खोलीत पडून होते. एका दुपारी शाळेतून आले आणि दार लावून त्या खोलीच्या भिंतीवर त्यांचा चेहरा काढायला घेतला. मुलांना पाढे शिकवणारी बाई मी, चित्र कुठलं येतंय! नाक भलत्याच माणसाचं आलं. असा राग आला की ओल्या रंगावरून तळहात फिरवून सगळं पुसून टाकलं, आणि मग बघतच राहिले. संत्र्याच्या बगिच्यातून ते भर उन्हात घरी यायचे तेव्हा पाठीमागच्या उजेडामुळे चेहरा दिसायचाच नाही, दारात नुसता सावळा आकार उभा राहायचा. तोच समोर होता. मी ढसाढसा रडले.

मग रोजच त्या खोलीत जाऊ लागले. भिंत भरली की चुना मारायचा आणि पुन्हा सुरू. पहिले कितीतरी महिने काळा आणि निळा, बस. मग एकदा बाजारातून येताना पिवळा घेऊन आले. तो लावताना आपण गुणगुणतोय हे लक्षात आलं, तेव्हा आधी जीभ चावली. मग म्हटलं, गुणगुणलं तर गुणगुणलं, कोणाच्या बापाचं काय जातं! नागपूरला शिकणाऱ्या मुलीने एका आकारात बाबांना ओळखलं; सांगितलं की याला अमूर्त चित्र म्हणतात. शेजारीण मात्र विचारायची, "भिंतीले ओल आली काय वो?"

मुलीचं लग्न रामाकोना गावी जमलं. पेंटरला बोलवायच्या आधीच ती म्हणाली, "आई, भिंत तूच रंगव. बाबा दारात पायजे मले."

मलाही तेवढंच हवं होतं. पिवळा, नारिंगी, हिरवा मी भिंतभर खेळवला, आणि दाराला लागून तो सावळा आकार तळहातानेच ओढला. थोरल्या जाऊबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, लग्नाच्या भिंतीवर काळा डाग? अन् तोही तुह्या हातचा? पाहुणे दारातूनच वापस जातीन. त्याच्यावर गणपती काढून घे."

विधवेने मंगलकार्यात मागे राहावं, हे त्या बोलल्या नाहीत. मला ते ऐकू आलंच.

"पयली पत्रिका जामसांवलीच्या मारुतीपुढे ठेवून आलो, देवाचं झालं," मी म्हणाले. "त्याईच्या जागेवर मी कोनाले बसवनार नाही."

वरात आली. दारात व्याहीभेट असते. दोघे बाप एकमेकांना गुलाल लावून गळाभेट घेतात. बापाच्या जागी मोठे दीर गुलालाचं ताट घेऊन उभे होते. पण नवऱ्या मुलाचे वडील भिंतीपुढेच थांबले. ते थांबले म्हणून बँडही थांबला.

"हे काळं काय होय?"

जाऊबाई माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघू लागल्या. तरी मी सगळ्यांना बाजूला सारून पुढे झाले.

"नवरीचे बाबा होय ते," मी म्हणाले. "मीनं काढले."

व्याह्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दिरांच्या ताटातला गुलाल मूठभर उचलला.

"मंग पयली भेट याईच्यासंगच," म्हणाले, आणि तो गुलाल त्या सावळ्या आकाराला लावून त्यांनी दोन्ही हात पसरले, भिंतीला छाती टेकवली. कोऱ्या सदऱ्याला चुना लागला. पाठोपाठ दीर गेले, मग रामाकोन्याचे सगळे पाहुणे. दिरांच्या हातातलं ताट जाऊबाईंनी कधी घेतलं कोण जाणे; गुलाल त्याच पुढे करत होत्या.

मी रडले नाही. आनंद छातीत मावत नव्हता. बँडवाले मात्र अजून आ वासून भिंतीकडे बघत उभे.

"थांबले काहून?" मी ओरडले. "वाजवा ना!"