झगमगीत बाईचे मावसभाऊ

दोन हजार बावीस साल, माझं वय पंचाहत्तर. मस्कतजवळ अल खौदला मुलाकडे राहायचो. दुपारी दुकानं बंद झाली, की खालच्या शिंपी मास्तरांकडे जाऊन बसायचो. मास्तर रत्नागिरीकडचे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेली कोट्यधीशांची अमेरिकन मालिका ते आता डीव्हीडीवर पुन्हा बघत. मला इंग्रजी येत नाही, आणि त्यात लाज कसली? मास्तर मराठीत सांगत. फक्त ती रुंद खांद्यांच्या झगमगीत झग्यातली बाई एखाद्या पुरुषाच्या जवळ सरकली, की मास्तर उठून टीव्ही झाकून उभे राहत. "मावसभाऊ तिचा," म्हणत. दर आठवड्याला नवा मावसभाऊ!

एकदा मी तापलोच. "मास्तर, मी अडाणी आहे, आंधळा नाही. यार आहे तो तिचा!"

मास्तरांनी टीव्हीच बंद केला. "खलास! काका, तुम्ही मला बापासारखे. तुमच्यासमोर असलं माझ्या तोंडून निघायचं नाही. उद्यापासून बघायचंच नको."

आता रोज दुपारी मुलाच्या घरात एकट्याने भिंतीकडे बघत बसायचं, या विचाराने माझी झोप उडाली. पण माफी मागणं माझ्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच गेलो आणि म्हणालो, "मास्तर, श्रीमंतांचं घर ते, नातेवाईक येणारच. दुपारी लावा पुढचं."