मुलाखतीला नेलेली केळी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला नक्की काय येतं हे घरात कुणाला तपासता येत नाही, आणि म्हणूनच सगळ्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे. माझ्या वडिलांचं, आबांचं, बहूबाजारात सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. सांगलीकडून कोलकात्यात आलेल्या आमच्या बऱ्याच लोकांचं असतं तसं. जर्मनीत सहा महिने शिकायला पाठवणारी एक शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर जायचं, नाहीतर भट्टीवर बसायचं, असं आबांनी ठरवलं होतं.

जर्मन शिकायला मी डमडमला एका निवृत्त बंगाली सरांकडे जात असे. सर तरुणपणी पूर्व जर्मनीत शिकून आलेले. त्यांच्या खोलीतल्या नकाशात अजून दोन जर्मनी होते. बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला, हे सरांना अर्थातच ठाऊक होतं. पण नकाशा चांगल्या कागदाचा होता, म्हणून राहिला.

सर मनापासून शिकवत. एल्बे नदी, कोळशाच्या खाणी, कारखान्याच्या आवारातली पाळणाघरं.

"आणि केळी," ते एकदा म्हणाले. "तिकडे दुकानात केळी आली की रस्त्यापर्यंत रांग लागते. एका खलाशानं दिलेली केळी मी घरमालकीणबाईंना नेऊन दिली, तर बाई रडल्या रे."

मी ते लक्षात ठेवलं.

मुलाखत सॉल्ट लेकमध्ये होती. कुणाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये हे आईनं शिकवलेलं, आणि काय न्यावं हे सरांनी. सियालदहच्या बाजारातून मी केळ्यांची एक बरी फणी घेतली आणि गर्दीत चेंगरू नये म्हणून मेट्रोत पोटाशी धरून नेली.

समोर एक तरुण जर्मन प्राध्यापक आणि एक बंगाली मॅडम बसल्या होत्या. नमस्कार करून मी फणी टेबलावर ठेवली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"या सरांसाठी. त्यांच्या देशात मिळत नाहीत ना."

प्राध्यापकांनी केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिळतात," ते अगदी हळुवारपणे म्हणाले. "माझ्या घराखालच्या दुकानात."

"रांग नसते?"

"असते. पैसे द्यायला."

मग त्यांनी विचारलं, आजच्या जर्मनीतल्या तरुणांना कशाची काळजी वाटते? मी म्हणालो, विशेष कशाची नसावी. घर आणि नोकरी सरकारच देतं.

"असं असतं तर बर्लिनमध्ये भाड्याच्या खोलीसाठी मी वर्षभर वणवण केली नसती," ते म्हणाले. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढे मेल आली. इतिहासाची जाण उत्तम, वर्तमानाची माहिती अपुरी. निवड झाली नव्हती.

सरांनी चष्मा लावून मेल वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम म्हटलंय! वर्तमानाचं काय एवढं, ते सारखं बदलतं. पुढच्या वर्षी करू." मी नकाशाकडे पाहिलं आणि हो म्हणालो.

आबांना सांगायला मात्र धीर होईना. ते भट्टीसमोर बसले होते.

"कशात कमी पडलास?"

"मी सांगितला तसा जर्मनी आता राहिला नाही, आबा."

आबांनी चिमट्यानं भट्टीतला निखारा सारखा केला. आमच्या गावच्या नदीला बारमाही पाणी असतं, असं ते गिऱ्हाइकांना अजून सांगतात. मे महिन्यात आम्ही गावी जातो तेव्हा त्या नदीत पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि आबा काठावर उभे राहून ते बघतात.

"परत देता येती का परीक्षा?"

"पुढच्या वर्षी."

"मग दे की. भट्टी कुठं पळून चाललीय?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पण या खेपेला पेढे ने. तिकडं पेढे मिळत नसतील."