मोठ्या डोक्याची राणी

"ही राणी न्हाय म्हणता? अहो, हळद-कुंकू वाहिलंय आमी तिला!" डबीतली मुंगी माझ्यापुढं धरून महालिंगप्पा चिडले.

ईट गावच्या या व्यापाऱ्यांच्या कोठारात मुंग्यांनी ज्वारीच्या बियाण्याचा फडशा चालवला होता. निम्म्या गावाची पेरणी त्याच बियाण्यावर होती. मी निजामाच्या शेतकी खात्यात असिस्टंट. आमचे मोहतमीम, म्हणजे वरिष्ठ, सायनाइडची पावडर घेऊनच आले होते. ती पंपानं बिळात फुंकली की वारूळ खलास. पण अप्पांच्या घरी रोज मुंग्यांना साखर घालायची रीत. "माज्या छपराखाली जीव मारू देणार न्हाय. बियाणं गेलं तर गेलं," ते म्हणाले. मग गावानं पेरायचं काय, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

मोहतमीम मला म्हणाले, "शाम तक रानी निकालो. नै तो पावडर डालते."

राणी हलवली की वारूळ मोडतं, म्हणून अप्पांनी याआधी दोन राण्या शेताच्या बांधावर पोचवल्या होत्या. ही तिसरी. तरी मुंग्या हटेनात, कारण तिघीही राण्या नव्हत्याच. या जातीत काही मुंग्यांचं डोकं भलतंच मोठं असतं. त्यांचं काम दाणे फोडणं. अप्पा डोकं बघून हात जोडत. कमी भक्तीची नव्हती, भिंगाची होती.

आम्ही फरशी उकरली. हातभर खाली, अळ्यांच्या ढिगात खरी राणी सापडली. मी अप्पांच्या हातात भिंग दिलं.

"डोकं सोडा, पाठ बघा. कामकरी मुंगीची अरुंद, हिची रुंद. उडायचं बळ तिथंच असतं. हे बारीक वण दिसतात? तिथं पंख होते. जमिनीत घर केलं की राणी ते स्वतःच मोडून टाकते. पोटही बघा, अंड्यांनी फुगलंय."

मोहतमीम वाकले. "इसका सर तो इत्ता छोटा है. ये कायकी रानी?"

मी वाद घातला नाही. ढेकळासकट तिला परातीत ठेवलं आणि अप्पांची मुंगीही डबीतून शेजारी सोडली. बाकीच्या मुंग्या लहान डोक्याच्या राणीभोवती गोळा झाल्या, तिला चाटू लागल्या. मोठ्या डोक्याच्या मुंगीकडं कुणी फिरकलंही नाही. मोहतमीमांनी पंप पेटीत घातला. मला हायसं वाटलं.

राणी, अळ्या आणि ओंजळीओंजळीनं मुंग्या असं सगळं मडक्यातून बांधावर नेलं. अप्पांनी जवळ साखर ठेवली.

"राणी बाहेर येत नाही, अप्पा. खातील त्या कामकरी. सगळ्या तिच्याच लेकी."

"मग लेकी उपाशी ठिवायच्या व्हय?" म्हणत त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

कोठारात मागं राहिलेल्या मुंग्या हळूहळू ओसरल्या. बियाणं वाचलं, पेरणी झाली.

पुढं नोकरीत जिथं बदली झाली, तिथं सर्वांत मोठ्या डोक्याला मी लगेच सलाम ठोकला नाही. आधी बाकीचे कुणाभोवती जमतात ते बघितलं.